लायब्ररी सगळ्यांची, नाव माझं

“तिच्याकडे दे. इंग्लिश मीडियमची आहे, आणि बोलतही नाही फारशी.”

हे वाक्य माझ्या कानावर पडलं तेव्हा मी बाथटबमध्ये होते. कोरड्या बाथटबमध्ये, चपला बाहेर काढून, उकिडवी बसून कनेक्टरचा खोका शोधत होते. दार अर्धवट उघडं होतं. बाहेर आमचे सर आणि निखिल उभे होते. निखिल म्हणजे माझ्याआधीपासून तिथे असलेला डिझायनर. सरांनी ‘दे’ म्हटलं ती गोष्ट म्हणजे आमच्या कंपनीची लायब्ररी, आणि ‘ती’ म्हणजे मी. मी टबातून बाहेर यायला थोडा वेळ लावला. त्यांना अवघड वाटू नये म्हणून. त्यांना काही वाटत नव्हतं हे नंतर कळलं.

बाथटबचा खुलासा आधी करते. आमचं ऑफिस मावळातल्या कुसगावात, शनिवार-रविवार भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या एका बंगल्यात होतं. मूळ मालकाचा तो धंदा चालला नाही, आणि तिथे आमच्या सरांचा धंदा आला. मोठी बेडरूम म्हणजे डिझाइन विभाग, तिला लागून असलेलं बाथरूम म्हणजे स्टोअर, किचन म्हणजे सरांची केबिन. मागे पोहण्याचा तलाव होता, त्यात पाणी नव्हतं, वाळलेली पानं होती. ग्राहकांशी बोलताना सर या सगळ्याला ‘आपला कॅम्पस’ म्हणत. शनिवारी हमखास एखादी गाडी फाटकात शिरायची, आणि बर्म्युडा घातलेला कुणी तरी विचारायचा, “पूल किती वाजेपर्यंत असतो?” निखिलने एकदा एकाला शांतपणे सांगितलं, “पूल बंद आहे. रेझिस्टर हवे तर बघा.” तो माणूस बायकोला विचारून येतो म्हणाला.

आम्ही सर्किट बोर्ड डिझाइन करायचो. घरातल्या रिमोटपासून लिफ्टपर्यंत कशाचंही झाकण उघडलं की आत जी हिरवी पाटी दिसते, ती. तिच्यावर जे लहानमोठे भाग बसवलेले असतात त्यांना पाय असतात, आणि ते पाय नेमके कुठे टेकणार ती जागा पाटीवर आधीच तांब्यात उमटवलेली असते. त्या उमटलेल्या जागांचं चित्र म्हणजे फूटप्रिंट. अशा शेकडो भागांच्या चित्रांचा साठा म्हणजे लायब्ररी. नवा बोर्ड करताना आम्ही चित्रं नव्याने काढत नाही, लायब्ररीतून उचलतो. म्हणजे लायब्ररीतलं एक चित्र चुकलं, की ते ज्या ज्या बोर्डावर जाईल तो प्रत्येक बोर्ड चुकतो. बोर्ड छापून देणारा कारखाना काही विचारत नाही. चुकीचं चित्रही तो तितक्याच सुबकपणे छापून पाठवतो.

मी यायच्या आधी ही लायब्ररी निखिलच्या कॉम्प्युटरवर होती. नाही, चुकले. लायब्रऱ्या होत्या. फोल्डरांची नावं अशी: ‘नवीन’, ‘नवीन फायनल’, ‘फायनल सर’, ‘खरंच फायनल’ आणि ‘हात लावू नये’. सगळ्यात ताजी चित्रं ‘हात लावू नये’ या फोल्डरात असत आणि सगळे तिथेच हात लावत. कुणाला काही हवं असलं की पेन ड्राइव्ह घेऊन निखिलकडे जायचं, तो चहाला गेलेला असला की अंदाजाने घ्यायचं. एकाच कपॅसिटरची आमच्याकडे तीन वेगवेगळ्या मापांची चित्रं होती, आणि तिन्हींबद्दल कुणी ना कुणी छातीठोक सांगायचं की हे बरोबर आहे, मागच्या वेळी चाललं होतं.

यावर उपाय म्हणून व्हर्जन कंट्रोल आलं. एका ग्राहकाने मीटिंगमध्ये सरांना विचारलं होतं, “तुमच्याकडे व्हर्जन कंट्रोल असेलच ना?” आणि सर म्हणाले होते, “अर्थात.” दुसऱ्या दिवशी ते बसवायचं ठरलं.

ही व्यवस्था सोपी आहे. लायब्ररी एका मध्यवर्ती जागी राहते. प्रत्येकाकडे तिची प्रत असते. तुम्ही काही बदललंत की तो बदल मध्यवर्ती जागी पाठवायचा, त्याला कमिट करणं म्हणतात. कमिट करताना सोबत एक ओळ लिहायची: काय बदललं, का बदललं. कुणी बदललं हे व्यवस्था आपोआप नोंदवते. चुकलं तर मागच्या स्थितीला परत जाता येतं. माणसांची स्मरणशक्ती आणि माणसांचा खरेपणा, या दोन्हींवर विश्वास न ठेवता काम करण्याची ही पद्धत आहे. मला ती पहिल्याच दिवशी आवडली.

आमच्याकडे ती एका आठवड्यात आमच्यासारखी झाली. प्रत्येकाने आपलं नाव आणि पासवर्ड घालायचा होता. निखिल पासवर्ड विसरला. नव्याने आलेल्या दोघांनी घातलाच नाही. सर म्हणाले, “एकच ठेवा. आपण काय बँक आहोत का? एक कुटुंब आहोत.” माझ्या मशीनवर सगळं चालू झालेलं होतं, म्हणून कुटुंबाने माझं नाव घेतलं. ज्याला काही बदलायचं असेल तो फाइल मला पाठवे, नाही तर “सायली, उठ जरा दोन मिनिटं,” म्हणून माझ्या खुर्चीत बसे. नोंदी वाचल्या तर त्यात सायली सकाळी एक चित्र घालते, दुपारी काढते, संध्याकाळी तेच पुन्हा घालते. बाहेरच्या कुणी वाचलं असतं तर या मुलीला डॉक्टरकडे न्या म्हणाला असता.

मी नको म्हणाले नाही. आमच्या शाळेत मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे, आणि इंग्रजीत चुकलं की सगळा वर्ग हसायचा. दोन्हींवर मला सापडलेला उपाय एकच होता. कॉलेजात त्याला स्वभाव म्हणू लागले, नोकरीत टीम स्पिरिट.

सोबतच्या ओळीत काय लिहायचं, हा सगळ्यांना अवघड प्रश्न वाटे. एकाने ‘डन’ लिहिलं. एकाने ‘सरांनी सांगितलं म्हणून’. एकदा निखिलने ‘आधीसारखं केलं’ असं लिहिलं. आधी म्हणजे कधी, हे मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “अगं, आधी. बरोबर होतं तेव्हा.”

दोघांनी एकच चित्र एकाच वेळी बदललं तर ही व्यवस्था थांबते आणि विचारते, यातलं कुठलं ठेवू? एकदा एका आठ पायांच्या भागावर निखिल आणि सर, दोघांचे बदल आले. सरांचं काढून आपलं ठेवणं निखिलला शक्य नव्हतं, आणि सरांचं चुकीचं होतं हेही त्याला माहीत होतं. त्याने दोन्ही ठेवले. आठ पायांच्या भागाला सोळा जागा झाल्या. मी दाखवल्यावर तो म्हणाला, “लग्नात दोन्हीकडच्या गुरुजींना दक्षिणा देतात की नाही? तसं.” तो बोर्ड कारखान्याकडे जाण्याआधी मी त्यातल्या आठ जागा काढल्या. नोंद, अर्थातच, सायलीने आठ जागा काढल्या.

आता सुरेखामावशींबद्दल सांगायला हवं. नमुन्याचे आणि लहान ऑर्डरींचे बोर्ड हाताने जोडण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्या औंढ्याहून स्कूटीवर यायच्या, हॉलच्या खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. आधी त्या बंगल्यांमध्ये सोमवारी सोमवारी पाहुण्यांच्या चादरी धुवायला जात. तोंडाने फटकळ. निखिलला त्या ‘नवरदेव’ म्हणत, कारण तो कुठलंच काम स्वतः उचलत नसे. सर नसताना सरांच्या चालण्याची नक्कल करत. मी काही बोलले नाही की म्हणत, “ह्या पोरीच्या तोंडाला कुलूप हाय, आन किल्ली इंग्लंडात.” मला त्यांची थोडी भीती वाटायची आणि त्यांच्या शेजारी बसून डबा खायला आवडायचं.

उर्से टोलनाक्याच्या अलीकडे एका आबांचं गुलाबांचं पॉलिहाऊस होतं. आत हवा कोरडी झाली की वरच्या नळ्यांतून धुक्यासारखं पाणी फवारायचं आणि ओलावा पुरेसा झाला की पंप बंद करायचा, असं यंत्र त्यांना हवं होतं. फेब्रुवारीत गुलाबांची मोठी तोडणी असते, त्याच्या आत. पंप चालू-बंद करायला त्यात रिले होते.

रिले म्हणजे निळा चौकोनी डबा, साखरेच्या मोठ्या खड्याएवढा. वीज दिली की आतली पट्टी टक् करून एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते. त्याला पाच पाय असतात. एका टोकाला तीन, दुसऱ्या टोकाला दोन. त्या दोनांपैकी एक विश्रांतीत चालू असतो, दुसरा वीज दिल्यावर चालू होतो. गोम अशी की बनवणारी कंपनी पायांचं चित्र देते ते खालून बघितल्याचं, आणि आम्ही बोर्ड काढतो तो वरून बघितल्याचा. आपल्याच हाताचा तळवा समोर धरला की अंगठा एका बाजूला असतो, हात पालथा केला की दुसऱ्या. तेवढाच फरक. मी रिले हातात घेऊन, मीटर लावून, कुठला पाय कुठला हे बघून चित्र काढलं होतं.

सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं.

“हे उलटं आहे.”

“सर, ते कागदावरचं खालून…”

“उठ जरा.”

खुर्चीवरून उठणं हे त्या ऑफिसात माझं मुख्य काम होतं. सर बसले, दोन पायांच्या जागांची अदलाबदल केली, आणि ओळीच्या चौकटीत ‘करेक्टेड’ लिहिलं. “तू शाळेत होतीस ना, तेव्हापासून मी रिले लावतोय,” ते म्हणाले. “म्हणून टीममध्ये सीनियर लागतो.” निखिलने मान डोलावली. माझं वाक्य अजून ‘खालून’पाशीच उभं होतं. नमुना करून बघायला वेळ नाही असं सरांनीच ठरवलं, आणि त्याच संध्याकाळी फाइल कारखान्याकडे गेली. मी घरी जाऊन ते वाक्य तीन प्रकारे पूर्ण केलं, तिन्ही इंग्रजीत.

बोर्ड आले, मावशींनी जोडले, आबांकडे बसले. मग आबांचा फोन आला. सरांनी तो स्पीकरवर घेतला.

“सायेब, तुमचं यंत्र लय हुशार हाय,” आबा म्हणाले. “समदं कळतंय त्याला. फक्त आमच्या इरुद्ध हाय. कोरडं पडलं की पंप बंद, वलं झालं की चालू. हितं गुलाबाच्या अंगावर पानी बसतंय. बुरशी आली तर म्या काय आता मुंबैच्या पोरापोरींना भाजी देऊ का?”

मी एक शिल्लक बोर्ड आणून मीटर लावला. बघायची गरज नव्हती, तरी बघितलं. रिले बोर्डावर अगदी छान बसला होता, फक्त त्याचं ‘चालू’ आमच्या ‘बंद’वर आलं होतं. मी निखिलला दाखवलं. तो म्हणाला, “माहितीये. सरांनाही माहितीये. बोर्डाच्या प्रोग्राममध्ये उलटं करून टाकू. कुणाला कळणार?”

तसं करता येतं. पण मग पंप बंद ठेवायला रिलेला सतत वीज देत राहावी लागते, आणि बोर्ड कधी अडकला, जे आमचे बोर्ड करायचे, की पंप आपोआप चालू. आबा झोपलेले असोत की गावाला गेलेले. मी एवढं सगळं निखिलला सांगितलं. त्याला मी एका वेळी इतकं बोलते याचंच जास्त आश्चर्य वाटलं.

दुपारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर शेगडीच्या ओट्याला टेकून उभे होते.

“शनिवारी आबा येणार आहेत. त्यांना आपण सांगतोय की रिले उलटे बसवले गेले. हाताचं काम आहे, होतं. आपण प्रोग्राममधून ते निस्तरलंय.”

त्यांनी ओट्यावरून बोट फिरवून धूळ बघितली.

“मावशींना मी सोमवारपासून येऊ नका म्हटलंय. काहीतरी केल्याचं दिसावं लागतं ग्राहकाला.” मग जरा थांबून, खूप मायेने, “आणि बघ, रेकॉर्डला तुझं नाव आहे. उद्या कुणी खोलात गेलं तर प्रश्न तुलाच विचारतील. मला तुला यात ओढायचं नाहीये. टीममध्ये कुणा एकाचं नाव नसतं, सायली.”

ज्या टीममध्ये कुणा एकाचं नाव नसतं तिच्या प्रत्येक नोंदीवर माझं नाव होतं. पण हे वाक्यसुद्धा मला केबिनबाहेर आल्यावर सुचलं.

मावशी खिडकीपाशी बसून सोल्डरची तार गुंडाळत होत्या. नेहमीसारखं काही टोचून बोलतील असं मला वाटलं. त्या हळूच म्हणाल्या, “माज्या हातनं उलटं लागलं म्हनत्यात. लागलं आसंल का गं? आता चष्मा बी बदलाया झालाय.”

चुकीचा आरोप करण्यापेक्षा वाईट काही असेल तर ते हे, की ज्याच्यावर केला तोही मानायला लागतो.

“चादरी काय, धुतल्या की झाल्या,” त्या म्हणाल्या. “पर हितं बसून काम व्हतं. गावात सांगत व्हते, मशिनी बनवते म्हनून.”

मी “बघते” म्हणाले. ‘बघते’ हा शब्द मराठीत फार सोयीचा आहे.

शनिवारी आबा उशिरा आले. पांढरी टोपी, हातात गुलाब भरायचा पुठ्ठ्याचा खोका, आणि खोक्यात आमचा बोर्ड. “नाक्यापासनं गाड्याच गाड्या,” ते म्हणाले. “समदी मुंबै तुमच्याकडंच निघालीया. मला बी फाटकात एकानं इचारलं, रूम हाय का.” कुणीच हसलं नाही, तेव्हा त्यांनी खोका खाली ठेवला.

सरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं होतं. चहा आला. सर छान बोलतात, हे मान्य करायला हवं. आधी आबांच्या गुलाबांचं कौतुक केलं, मग मावळच्या हवेचं, मग स्वतःच्या पारदर्शकपणाचं. शेवटी म्हणाले, “आबा, आम्ही लपवत नाही. जोडताना रिले उलटे बसवले गेले. ज्यांच्याकडून झालं त्यांना आम्ही कामावरून कमी केलंय. तुमच्या समोर आहेत.”

मावशी चहाचे रिकामे कप गोळा करत होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच घेतलं होतं ते काम. त्या थांबल्या. म्हणाल्या, “म्या मुद्दाम न्हाई केलं, भाऊ.”

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. “कुन्या गावच्या?”

“औंढ्याच्या.”

“मग आमच्या सोयऱ्याच्याच की,” आबा म्हणाले आणि अस्वस्थ झाले. गिऱ्हाइकाला भरपाई हवी असते, माणूस नको असतो. “न्हाई, म्हंजी, चूक हुती मान्साकडनं. म्या काय कुनाला काढा म्हनलं नव्हतं.”

“प्रोसेस आहे, आबा,” सर म्हणाले. “आणि प्रोग्राम बदललाय, आता काही होणार नाही. हो ना, निखिल?”

निखिलने चहाच्या कपाकडे बघून हो म्हटलं.

मी उठून बाथरूममध्ये गेले. आतून टबातला रिलेचा खोका घेतला, एक रिले काढला, एक रिकामा बोर्ड घेतला आणि हॉलमध्ये येऊन दोन्ही आबांच्या हातात दिले. मी खुणेनेच दाखवलं: हा इथे बसवा.

आबांनी बसवला. बरोबर बसला.

मग मी हात गोल फिरवून दाखवला: आता उलटा.

आबांनी रिले काढला, फिरवला, टेकवला. दाबला. चष्मा वर करून बघितलं. पुन्हा दाबला. “आरं, ह्यो जातच न्हाई की,” ते म्हणाले. “हिकडं तीन भोकं, तिकडं दोन. ह्यो उलटा लागंल कसा?”

मावशींनी कप टेबलावर ठेवले आणि जवळ येऊन आबांच्या हातातल्या बोर्डाकडे बघू लागल्या, जणू असा बोर्ड त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

“सायली,” सर इंग्रजीत म्हणाले, अगदी हळू, “आपण हे नंतर बोलू.”

माझ्याशी इंग्रजीत बोललं की मी गप्प होते, हे त्यांनी केव्हातरी हेरलं असावं. मी आबांकडे वळले. शाळेतल्यासारखं सगळे माझ्याकडे बघत होते. मी मराठीतच म्हणाले,

“मावशींनी बरोबर लावलंय, आबा. उलटं आमचं चित्र आहे. ते सरांनी माझ्या खुर्चीत बसून, माझ्या नावावर बदललं. प्रोग्रामवर विश्वास ठेवू नका, बोर्ड सगळे परत आणा.”